चौथ्या मजल्यावरचं शेवटचं दार

कंपनीच्या कागदोपत्री त्यांचा हुद्दा ‘सुविधा सहायक, श्रेणी दोन’ असा होता, पण चोवीस वर्षांत त्या हुद्द्याने त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. जुने लोक त्यांना मिस्त्री म्हणत आणि नवे मिस्त्रीकाका. ते मूळचे सुतार. हातात रंधा घेऊन या इमारतीत शिरले ते सहा महिन्यांच्या कामासाठी, आणि मग काही बाहेर पडले नाहीत. काम संपतच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार?

कंपनीचा धंदा होता दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकण्याचा. कुणाचा फ्रीज गार करत नाही, कुणाचं कपडे धुवायचं यंत्र मध्येच बंद पडतं, कुणाचा पंखा खडखडतो. असे लोक चिडून ज्या नंबरावर फोन करत, तो नंबर चौथ्या मजल्यावर वाजत असे. तिथे ऐंशी माणसं कानाला यंत्र लावून ओळीने बसत आणि दिवसभर परक्या माणसांचा राग ऐकून घेत. यांनी फ्रीज बनवला नव्हता, विकला नव्हता, बहुतेकांच्या घरी त्या बनावटीचा फ्रीजही नव्हता. तरी शिव्या यांनाच, आणि वर त्याबद्दल ‘फोन केल्याबद्दल आभारी आहोत’ म्हणायचं. प्रत्येकाच्या टेबलाला नंबर होता आणि माणसं आपसातही नंबरानेच ओळखली जात. अठ्ठेचाळीस नंबरचं लग्न ठरलं, तीस नंबरला मुलगी झाली, असं.

या ऐंशी खुर्च्यांची चाकं, ऐंशी खणांची कुलपं आणि दिवे-बिजागऱ्या हे मिस्त्रींचं रोजचं काम. पण खरं मोठं काम निघायचं ते साहेब बदलला की.

मिस्त्रींनी एकूण सहा साहेब पाहिले. प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गोळा करून सांगायचा की आपल्याला इथली संस्कृती बदलायची आहे. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रींना बोलावणं यायचं. संस्कृती बदलायची म्हणजे करवत लागणार, हे त्यांना पाठ झालं होतं.

पहिले साहेब उंच भिंतींचे. त्यांनी छतापर्यंत प्लायवूड घालून केबिन करून घेतली आणि तिला सागवानी दार बसवलं, वर पितळी पाटी. साहेब सारखा दिसायला लागला की धाक राहत नाही, असं त्यांचं मत. दुसऱ्यांनी तीच भिंत कमरेपासून वर कापून काच बसवायला लावली, कारण त्यांना सगळे दिसायला हवे होते. सगळे दिसू लागले. पण जेवणानंतर खुर्चीत मान टाकलेले साहेबही सगळ्यांना दिसू लागले, तेव्हा त्या काचेला आतून पडदे आले. तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी भिंती छातीइतक्या केल्या आणि वर रोपटी मांडली. हिरवळीत माणसाचं डोकं शांत राहतं, असं त्या कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. रोपट्यांना पाणी कुणी घालायचं ते शिबिरात शिकवलं नसावं, ते मिस्त्रींच्या गळ्यात पडलं. चौथ्यांनी सगळी टेबलं उंच करून लोकांना उभं केलं आणि स्वतःची पाठ धरल्यावर परत बसवलं. पाचवे तीनच महिने टिकले. त्यांच्या नावावर फक्त एक नारिंगी भिंत आहे.

मिस्त्री कुणालाच नावं ठेवत नसत. काढलेलं सामान मात्र फेकत नसत. मजल्याच्या टोकाला त्यांची भांडाराची खोली होती, दहा फूट बाय आठ फूट, तिथे ते सगळं ठेवत. आज काढलेलं उद्या मागतील, एवढं त्यांना या लोकांबद्दल कळलं होतं. भांडाराचं स्वतःचं दार एका वर्षी ओल येऊन कुजलं, तेव्हा त्यांनी पहिल्या साहेबांचं सागवानी दारच तिथे चढवलं. पितळी पाटी गेली, तिच्या स्क्रूंची चार भोकं राहिली.

सहावे आले ते मोकळे साहेब. हे नाव त्यांना पहिल्याच दिवशी पडलं, कारण ‘मोकळं’ हा शब्द ते एका वाक्यात दोनदा तरी वापरत. मोकळे साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते सगळ्यांची नावं पाठ करून आले होते. कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाची आई आजारी आहे, ते विचारत आणि उत्तर संपेपर्यंत थांबत. चहा सगळ्यांच्या रांगेत उभं राहून घेत. त्यांना मनापासून वाटे की माणसं एकमेकांपासून काही लपवत नाहीत तिथेच काम चांगलं होतं, आणि भिंत ही लपवण्याचीच सोय आहे. म्हणून त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या भिंती काढवल्या. बैठकीच्या खोलीला काच झाली. स्वतःचं टेबल त्यांनी दालनाच्या बरोबर मध्ये मांडलं. चौथ्या मजल्यावर दारं उरली ती दोनच ठिकाणी, स्वच्छतागृहाला आणि मिस्त्रींच्या भांडाराला.

दुसरं त्यांनी काय केलं, तर समोरच्या भिंतीवर भलीमोठी स्क्रीन लावली. तिच्यावर प्रत्येकाचा नंबर आणि त्यापुढे त्या दिवशीची खुर्चीबाहेरची मिनिटं. दहा मिनिटं झाली की नंबर पिवळा, वीस झाली की लाल. साहेबांनी स्वतःलाही एक नंबर घेतला होता, तोही स्क्रीनवर होता. शिक्षा काही नव्हती. नुसतं सगळ्यांना दिसायचं. पण बढती-बदलीच्या वेळी तो लाल रंग कुणालाच विसरता येत नाही, हे ऐंशी जणांना न सांगता कळलं. जेवण, स्वच्छतागृह आणि ‘साहित्य’ एवढी तीन कारणं माफ होती. साहित्य म्हणजे खुर्ची मोडली, कानाचं यंत्र सैल झालं, म्हणून मिस्त्रींकडे गेलात तर ती मिनिटं धरत नसत. अट एकच, मिस्त्रींच्या वहीत नोंद हवी. स्क्रीनवर ती त्या वेळी चढतच, पण पर्यवेक्षक दर शनिवारी वही आणि मिनिटं ताडून पाही आणि नोंद असलेली वजा करी.

मिस्त्रींची वही ही त्यांची प्रतिष्ठा होती म्हणायला हरकत नाही. घेणाऱ्याचं नाव, घेतल्याची वेळ, साहित्य, परत केल्याची वेळ, सही. एक रकाना रिकामा नाही, एक नोंद खोटी नाही. मोठ्या साहेबांनी सही न करता पक्कड नेली तर ते मागे मागे जाऊन सही आणत.

तर एके दिवशी साडेअकराला बारा नंबर आली. कानाच्या यंत्राचा स्क्रू खरोखरच सैल होता. मिस्त्री स्क्रू पिळत होते तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिच्या आईचे मूत्रपिंडाचे उपचार चालू होते आणि डॉक्टर फोनवर मिळायचे ते याच वेळेला. जिन्यात आवाज घुमतो, स्वच्छतागृहात बाहेरून कुणीतरी कडी वाजवतं आणि दालनात तर ऐंशी जोडी कान. ती फोन हातात धरून नुसती उभी राहिली. मिस्त्रींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

नऊ मिनिटांनी ती बाहेर आली. नाक लाल, डोळे लाल, पण खांदे जरा सैल पडलेले.

“काका, स्क्रूला एवढा वेळ लागत नाही,” ती म्हणाली. “वहीत काय लिहिणार?”

मिस्त्रींची पंचाईत झाली. लिहिलं नाही तर नऊ मिनिटं पोरीच्या नावावर राहणार. लिहावं तर काय? खोटं लिहायला हात धजेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खुंटीवर त्यांची मोजायची टेप होती, पिवळ्या डबीची, पाच मीटरची. ती काढून त्यांनी तिच्या हातात दिली आणि लगेच परत घेतली.

“टेप नेलीस, टेप परत केलीस. लिही.”

दुसऱ्या दिवसापासून ते टेप आधीच हातात देऊ लागले, म्हणजे घेतल्याची वेळही खरी. बारा नंबर ती हातात धरून फोनवर बोलायची. बोलता बोलता पट्टी बाहेर ओढायची आणि सोडून द्यायची. चटक्. बाहेर मिस्त्री अकरा पावलांवर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी उभे राहत. ते अंतर त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तिथे बोलणं ऐकू येत नसे, टेपचं चटक् तेवढं येई.

कसं कुणास ठाऊक, पण अशा गोष्टी पसरतात. अठ्ठेचाळीस नंबरचं ठरलेलं लग्न मोडायला आलं, तो टेप न्यायला आला. एकसष्ट नंबरला कुणा गिऱ्हाइकाने फोनवर अशा काही शिव्या दिल्या की ती पंधरा मिनिटं आत रडली आणि टेप परत देताना तोंडभर हसून ‘आभारी आहोत’ म्हणाली. सवयच ती. एकजण तर नुसताच बसून जायचा, फोन नाही, रडणं नाही, काही नाही. खुद्द पर्यवेक्षक, जो शनिवारी वही तपासायचा, तो मंगळवारी टेप नेऊ लागला. मिस्त्रींनी कुणालाच काही विचारलं नाही. घरी बायकोलासुद्धा ते कोण आलं ते सांगत नसत, खोलीत माणसं येतात एवढंच सांगितलं होतं. पिवळी डबी हातांच्या घामाने गुळगुळीत झाली. त्या टेपने गेल्या वर्षभरात काही मोजलं असेल तर शपथ.

मग साहेबांनी सल्लागार बाई आणल्या. आपल्या लोकांना आतून काय वाटतं, ते आकड्यांतून शोधून काढायचं त्यांचं काम. त्या पंधरा दिवस हसतमुखाने सगळीकडे फिरल्या. मिस्त्रींच्या वहीचे त्यांनी फोटो काढून नेले, तेव्हा मिस्त्रींना बरंच वाटलं. इतक्या वर्षांत नीटनेटक्या वहीचं कौतुक कुणीतरी केलं.

महिन्याच्या सभेत बाईंनी स्क्रीनवर एक मोठा आकडा आणला. दोनशे बारा.

“तीन महिन्यांत मोजायची टेप दोनशे बारा वेळा नेली गेलीये,” त्या म्हणाल्या. “नावं मी मुद्दाम पाहिली नाहीत, मला फक्त कल बघायचा होता. हातोडी चार वेळा, करवत एकदा, आणि टेप दोनशे बारा! ही माणसं एवढं काय मोजतायत? मला यात एक ओढ दिसते. दिवसभर बोलून बोलून या लोकांच्या हातांना काहीतरी घडवायची भूक लागलीये.”

दालनात ऐंशी माणसं होती आणि प्रत्येकजण आपल्या बुटांकडे बघत होता. पर्यवेक्षकाने तर चष्मा काढून पुसायला घेतला. मिस्त्री मागच्या भिंतीला टेकून उभे होते. 

मोकळे साहेब पुढे आले आणि त्यांनी रुमाल काढला. खोटं नव्हतं ते, त्या माणसाला खरंच भरून आलं. आपली माणसं मधल्या सुट्टीत टेप घेऊन स्वप्नं मोजतात आणि आपल्याला पत्ता नाही, असं काहीसं ते बोलले. तिथल्या तिथे त्यांनी जाहीर केलं की भांडाराची ती अंधारी खोली पाडायची. सामान तळघरात हलवायचं. त्या जागी काचेचा, बिनदाराचा ‘घडवण्याचा कोपरा’ होईल, मध्ये लांब टेबल, रंगीत हत्यारं, कुणीही यावं, कुणीही बघावं. कोपऱ्याचे मार्गदर्शक म्हणून मिस्त्रींना श्रेणी एक.

टाळ्या पडल्या. मिस्त्रींकडे वळून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांना कधी नव्हे ती स्वतःच्या वहीची लाज वाटली.

पंधरा दिवसांची मुदत होती. दुसऱ्याच दिवशी बारा नंबर दारात येऊन उभी राहिली.

“काका, मी जाऊन सांगते. टेपचं काय ते. सुरुवात माझ्यापासून झाली.”

“तुझं नाव पर्यवेक्षकाच्या जागेसाठी आहे ना?”

“असू दे.”

“आणि वहीत तेवीस नावं आहेत. तू तुझं सांगशील. बाकीच्या बावीस जणांचं कोण सांगणार, त्यांना न विचारता? एकदा कळलं टेप म्हणजे काय, की वही उघडायला किती वेळ लागतो?”

 तिच्या आईचे उपचार अजून वर्षभर तरी चालणार होते. त्या दिवशी तिने टेप मागितली नाही, नुसती जाऊन बसली खुर्चीवर.

संध्याकाळी जेवताना मिस्त्रींनी बायकोला सगळं सांगितलं. ती टपालखात्यात खिडकीवर बसते, लोकांची बंद पाकिटं हाताळण्यात तिचा जन्म गेला.

“म्हणजे तुम्ही तोंड उघडलंत तर खोली राहील आणि माणसं उघडी पडतील,” ती म्हणाली. “आणि गप्प बसलात तर माणसं झाकलेली राहतील आणि खोली जाईल.”

“तसंच.”

“आणि गप्प बसल्याबद्दल वर बढती.”

“हो.”

“मग अहो, भाजी का टाकताय पानात? तिने काय केलंय?”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दालनाच्या मध्ये जाऊन साहेबांपुढे उभं राहण्याचा प्रयत्न करून पाहिला.

“साहेब, ती खोली राहू द्या.”

“का हो?”

मिस्त्रींना रात्रभर घोकलेलं एकही वाक्य आठवेना. “हत्यारांना दार लागतं, साहेब.”

साहेब हसले. प्रेमाने हसले, तेच वाईट. “मिस्त्री, दार लागतं ते भीतीला. आपल्याकडे आता कोण कुणाला भितंय? बरं, एक करा. टेप कोण कोण न्यायचं ते सांगा, त्यांना आपण कोपऱ्याचे पहिले सभासद करू. उद्घाटन त्यांच्याच हातून.”

“सगळेच नेतात, साहेब,” मिस्त्री म्हणाले आणि ताकास तूर न लावता परत आले. चोवीस वर्षांत आपण इतक्या भिंती उभ्या केल्या नि पाडल्या, कधी हात जड झाला नाही. आता दहा बाय आठच्या खोलीसाठी छातीत काय धरून येतंय, ते त्यांना कळेना. मग कळलं. बाकीच्या सगळ्या भिंती साहेब लोकांसाठी होत्या.

पुढचे दहा दिवस टेप फार नेली गेली. लोक जणू पुढच्या वर्षाचंही उरकून घेत होते. मिस्त्रींनी सामान तळघरात हलवलं: प्लायवूडच्या फळ्या, काचा, तिसऱ्या बाईंच्या रिकाम्या कुंड्यांपैकी निम्म्या. बुधवारपर्यंत खोलीत एक स्टूल, माळ्यावर चार कुंड्या, खुंटीवर टेप आणि खिळ्याला दोरीने बांधलेली वही एवढंच उरलं. शुक्रवारी भिंत पाडायची ठरली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मोकळे साहेब स्वतः खोली बघायला आले. काच किती लागेल ते मोजायचं होतं.

“टेप आहे ना? की तीही नेली कुणी?” ते विनोदाने म्हणाले.

मिस्त्रींनी टेप खुंटीवरून काढली, तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी कुणाचा फोन आहे ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कानाला लावून ते “हो” म्हणाले, मग आणखी एकदा “हो” म्हणाले, मग “एक मिनिट, एक मिनिट थांबा.” फोन छातीशी धरून त्यांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर त्यांनीच मोकळं करून ठेवलेलं दालन होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये त्यांचं टेबल आणि भोवती ऐंशी माणसं. काचेची बैठक-खोली होती, तिच्यात दिवे लागलेले. साहेबांची नजर सगळीकडून फिरून परत आली. मिस्त्रींनी ही नजर तेवीस जणांच्या डोळ्यांत पाहिली होती.

त्यांनी विचार वगैरे काही केला नाही. हाताला सवय होती. टेप साहेबांच्या मोकळ्या हातात ठेवली, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि अकरा पावलं चालून पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभे राहिले.

चटक्.

थोड्या वेळाने पुन्हा. मग लागोपाठ तीन-चारदा. मग बराच वेळ काहीच नाही. स्क्रीनवर साहेबांचा नंबर पिवळा झाला, पण साहेब काचेचं मोजमाप घेतायत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. मग तो लाल झाला. आतून एक खर्रर्र आवाज आला, नेहमीचं चटक् नव्हे. तो फोन कुणाचा होता, घरचा की वरच्या साहेबांचा, आत काय बोलणं झालं, ते मिस्त्रींना आजही माहीत नाही आणि त्यांनी माहीत करून घेतलेलं नाही.

चोवीस मिनिटांनी दार उघडलं. साहेब उंबऱ्यावर उभे होते. हातात टेप, आणि तिची पट्टी हातभर बाहेर लोंबत होती.

“आत जात नाहीये,” ते म्हणाले. आवाज बसलेला होता. “तुटली बहुतेक माझ्या हातून.”

“जुनी होती, साहेब. स्प्रिंग गेली.”

 साहेबांची नजर स्क्रीनकडे गेली, आपला लाल नंबर त्यांनी पाहिला. मिस्त्रींनी वही पुढे केली. तीही सवयीनेच.

“काय लिहू?”

“नेलं ते लिहा, साहेब.”

साहेबांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. साहित्याच्या रकान्यात ‘टेप’ लिहिलं. मग त्यांचं पेन थांबलं. वरच्या ओळीत टेप होती. त्याच्या वर टेप. त्याच्या वर टेप. त्यांनी पान मागे उलटलं, त्याच्या मागचं उलटलं, आणि बोट रकान्यावरून खाली नेत नेत ते नावं वाचू लागले. बारा नंबर, रोज साडेअकरा. एकसष्ट. अठ्ठेचाळीस. दर मंगळवारी पर्यवेक्षक.

मिस्त्रींचं धाबं दणाणलं. इतके दिवस तोंड शिवून बसलो आणि शेवटी आपल्याच हाताने तेवीस माणसं उघडी केली, असं त्यांना वाटलं. 

“मिस्त्री,” साहेब वहीतून डोकं न काढता म्हणाले, “हे सगळे… टेप?”

“टेपच दिली, साहेब. प्रत्येकाच्या हातात दिलीये. खोटं काही लिहिलेलं नाही.”

“मोजलं काय यांनी?”

“ते मी विचारत नाही.”

साहेबांनी वही मिटली नाही, नुसती सोडली. ती दोरीला लोंबकळत राहिली. दाराच्या सागवानावर त्यांनी हात ठेवला, पाटीच्या चार भोकांवर.

“हे दार कुठलं?”

“पहिल्या साहेबांच्या केबिनचं.”

त्यांनी मान हलवली, परत केल्याची वेळ लिहिली, सही केली आणि आपल्या टेबलाकडे गेले. 

शुक्रवारी मिस्त्री पहार घेऊन आले आणि स्टुलावर बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला बारा नंबर आली नाही, आज खोली पडणार असं तिला वाटत होतं. दुपारी साहेबांकडून एक चिठ्ठी आली. छापील नव्हती, हाताने लिहिलेली. घडवण्याच्या कोपऱ्याचं काम तूर्त स्थगित. भांडार आहे तसं ठेवावं. मोजायच्या टेप, नग चार, मागवाव्यात.

कारण दिलेलं नव्हतं. श्रेणी एकचा उल्लेख नव्हता, आणि तो पुढेही कधी झाला नाही. दालनात दोन दिवस तर्क लढवले गेले. काच महाग पडली असेल. सल्लागार बाईंचं आणि साहेबांचं फाटलं असेल. मोकळ्या साहेबांचा मूड गेला असेल, दुसरं काय, या लोकांचं काय सांगावं. मिस्त्री मूग गिळून सगळं ऐकत होते. घरी बायकोने विचारलं तेव्हा तिलाही ते एवढंच म्हणाले, “रद्द झालं.” तिने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि पानात भाजी वाढली. स्क्रीन काही उतरली नाही. नंबर पिवळे होत राहिले, लाल होत राहिले. एका तुटक्या टेपने एवढं सगळं बदलत नसतं.

तळघरातून सामान परत येऊ लागलं. चिठ्ठीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, पर्यवेक्षक वही मागायच्या आत, मिस्त्रींनी एक गोष्ट केली. वही खिळ्यावरून सोडली. तिच्यात अजून अकरा कोरी पानं होती. एक रकाना वाया न घालवणाऱ्या माणसाने त्या वहीला दोरी गुंडाळली, वर पेन्सिलने ‘पूर्ण’ असं लिहिलं आणि ती माळ्यावर, तिसऱ्या बाईंच्या कुंड्यांच्या मागे सरकवून दिली. चोवीस वर्षांतली ही त्यांची पहिली खोटी नोंद. पर्यवेक्षकाला त्यांनी नवी कोरी वही दिली, त्याने एकही प्रश्न न विचारता सही केली.

सोमवारी साडेअकराला बारा नंबर आली. खिळ्याला नवी वही बघून थबकली.

“जुनी वही कुठाय, काका?”

“संपली.”

“संपली कशी? पानं होती की त्यात. बुधवारी मीच तर लिहिलं होतं.”

“संपली म्हटलं ना.”

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या चार नव्या टेपांकडे. मग वळून दालनाच्या मध्यावरच्या टेबलाकडे. तिथे मोकळे साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. तिने तोंड उघडलं.

“फोन वाजतोय तुझा,” मिस्त्री म्हणाले. नवी टेप त्यांनी तिच्या हातात दिली, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. “डॉक्टर थांबायचे नाहीत. दार लावून घे.”

ती आत गेली. मिस्त्री अकरा पावलं चालून पाण्याच्या यंत्रापाशी आले आणि त्यांनी पेला भरायला लावला. नव्या टेपची स्प्रिंग कडक असते, चटक् जरा जोरातच झालं. मध्यावरच्या टेबलापाशी साहेबांची मान वर झाली. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग स्क्रीनवर पिवळ्या होत चाललेल्या बारा नंबराकडे पाहिलं, आणि पुन्हा लिहायला खाली वाकले.